वाइंडिंगकाकूंची सूर्यमाला

वाइंडिंगकाकूंच्या हातात कुठलीही गोल वस्तू आली, की त्या ती आधी फिरवून बघत. नवा डबा घ्यायचा असला तर दुकानातच त्याचं झाकण काउंटरवर भिंगरीसारखं सोडत आणि ते कसं डुगडुगत थांबतं याकडे मान तिरकी करून बघत. नारळ घेताना बाकीच्या बायका तो कानाशी नेऊन हलवायच्या, काकू तो फरशीवर फिरवायच्या. आमचा भाजीवाला एकदा म्हणाला, "काकू, खायचाय की खेळायचाय?" काकू शांतपणे म्हणाल्या, "खायचाच आहे. पण हा अडखळतोय बघ. दुसरा दे."

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या पंख्यांच्या एका कारखान्यात काकूंनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. मोटरच्या आत तांब्याची बारीक तार गुंडाळायचं काम, म्हणजे वाइंडिंग. पुढे कारखाना बंद पडला, काका गेले, मुलगा लग्न करून डोंबिवलीला, कोपरला राहायला गेला, तरी नौपाड्यातल्या आमच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये त्यांचं नाव वाइंडिंगकाकूच राहिलं. त्यांचं आडनाव मला दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं. ते कुणी उच्चारल्याचं आठवत नाही. तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत लोकांचे मिक्सर, पंखे, पाण्याचे पंप येऊन पडलेले असत आणि वार्निशचा वास जिन्यापर्यंत येई. पाहुणे नाक मुरडत. माझी आई म्हणायची, "तो वास आला की घरी आल्यासारखं वाटतं."

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात बोलायचे, पण घराबाहेर चार माणसं समोर आली की कुठलीच भाषा यायची नाही. नातेवाईक मला एखादं कोडं असल्यासारखे प्रश्न विचारत. काकूंनी मला कधीही काही विचारलं नाही. शाळेतून आल्यावर मी त्यांच्या दारात उभी राहिले, की त्या तारेचं रीळ माझ्या हातात देत आणि म्हणत, "बोलू नकोस, हे धर." मी रीळ धरायचे, त्या तार ओढून घ्यायच्या. रीळ माझ्या बोटांवर फिरत राहायचं. दोघींची नजर तारेवर असायची, एकमेकींकडे बघायचं नसायचं, त्यामुळे थोड्या वेळाने मीच बोलायला लागायचे. वर्गातल्या मुलींबद्दल, परीक्षेबद्दल, कशाहीबद्दल. काकू मध्येच "हं" म्हणायच्या. तार संपली की बोलणंही संपायचं. त्यांनी त्यातलं काही कधी माझ्या आईला सांगितलं नाही.

बिल्डिंगच्या गणपतीचा देखावा दरवर्षी काकू करत. त्यांच्या देखाव्यात काही ना काही फिरायचंच. जातं फिरलं, रहाट फिरला, एका वर्षी उंदीरमामा मोदकाभोवती फिरत होते आणि तिसऱ्या दिवशी त्यांची शेपूट मोटरमध्ये अडकली. सोसायटीचे अध्यक्ष अण्णा, पहिल्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले, दर वर्षीच्या बैठकीत त्याच सुरात म्हणत, "काकू, यंदा एखादी वस्तू जागेवर राहील असं बघा." काकू म्हणत, "तुम्ही आहात की जागेवर." सगळे हसत, अण्णा सगळ्यांत जास्त. दोघांचं वय सारखं होतं आणि एकमेकांना चिडवण्यात दोघांनाही फार सुख होतं, असं मला वाटायचं.

सूर्यमालेचं खूळ काकूंच्या डोक्यात एका व्याख्यानातून शिरलं. जवळच्या वाचनालयात कुणी खगोल अभ्यासक बोलायला आले होते. काकू घरी आल्या आणि त्यांनी मला खाली बोलावून घेतलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. "ते म्हणाले, सगळे ग्रह सूर्याभोवती एकाच बाजूने फिरतात. एकही उलटा नाही. का?" मी म्हटलं, व्याख्यानात सांगितलं नाही का. "सांगितलं असेल. मी तेवढ्यावरच अडकले होते. आठ मोटरी आपापल्या बसवल्या, तर एखादी तरी उलटी लागणारच. इथे एकही नाही. म्हणजे वाइंडिंग एकच आहे."

मग मी इंटरनेटवर इंग्रजीतून वाचायचे आणि खाली जाऊन मराठीतून सांगायचे. माझ्याकडे शब्द नसत. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी इथे नुसता वायूचा आणि धुळीचा थंडगार ढग होता, एवढं मला सांगता आलं. पुढे तो स्वतःच्याच वजनाने आत येऊ लागला, याला मी "कोसळला" म्हटलं. काकूंना ते पटेना. "कोसळायला खाली जमीन लागते. हा कुठे पडणार? हा आत आत बसत गेला, असं म्हण." ढग मुळात अगदी हळू, जाणवणार नाही इतका फिरत होता. आत येताना त्याचा वेग वाढला. फिरता फिरता तो भाकरीसारखा चपटा झाला. मधोमध इतकं काही गोळा झालं, इतकं दाबलं गेलं आणि तापलं, की तिथे सूर्य पेटला. कडेच्या चकतीत उरलेली धूळ एकमेकीला चिकटत गेली, खडे झाले, दगड झाले, दगडांवर दगड आपटून ग्रह झाले. सूर्याजवळच्या उष्णतेत बर्फ टिकत नव्हता, म्हणून जवळचे ग्रह लहान आणि दगडी. लांब बर्फही होता आणि वायूही, म्हणून तिथले अवाढव्य. हे सगळं एकाच फिरत्या ढगातून निघालं, म्हणून सगळे अजून एकाच बाजूने जातात.

काकूंनी हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे जे फिरत राहिलं, ते आत पडण्यापासून वाचलं."

आत येताना वेग का वाढतो, हे मात्र त्यांना माझ्या तोंडून पटलं नाही. करून बघायचं ठरलं. बाबांनी घरून काम करताना घेतलेली चाकांची, गोल फिरणारी खुर्ची मी खाली आणली. काकू पदर खोचून तीत बसल्या, दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या घेऊन हात पसरले आणि म्हणाल्या, "फिरव." मी फिरवलं. त्यांनी हात छातीशी घेतले आणि खुर्ची अशी गरकन फिरली, की एक बाटली थेट कुणाच्या तरी दुरुस्तीला आलेल्या मिक्सरवर गेली. काकू डोळे मिटून, भोवळ थांबायची वाट बघत म्हणाल्या, "पटलं." तेवढ्यात दारात अण्णा आले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "अगं मानसी, त्यांना नेमकं काय झालंय?"

"ढग झालाय," काकू म्हणाल्या.

पुढे मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना बिल्डिंग पाडून नवी बांधायचा करार झाला आणि दिवाळीनंतर घरं रिकामी करायची ठरली, त्या वर्षीच्या बैठकीत काकू उभ्या राहिल्या. एरवी त्या बसून बोलत. म्हणाल्या, "आपला इथला शेवटचा गणपती आहे. मला एकदाच सूर्यमालेचा जन्म दाखवायचाय. चेंडू फिरवून सगळेच दाखवतात. मला ढगापासून दाखवायचंय, आणि बरोबर दाखवायचंय. पुन्हा मला जमेल न जमेल." अण्णांनी त्या वर्षी चिडवलं नाही. "करा," एवढंच म्हणाले.

काकूंना जे जमलं, ते मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. मांडवात कमरेच्या उंचीवर लाकडाची मोठी गोल चकती, मधोमध चौरंग, त्यावर गणपतीची मूर्ती बसणार, तोच सूर्य. चकतीभर गादीवाल्याकडून आणलेला पिंजलेला कापूस, प्रत्येक पुंजक्याला नायलॉनचा दोरा. सगळे दोरे चौरंगाखाली एका रिळावर जात. चकती फिरू लागली, की रीळ दोरे गुंडाळायचं आणि कापसाचा ढग वळत वळत, वेग घेत आत सरकायचा. वाइंडिंगच होतं ते. कापूस चौरंगाखाली नाहीसा झाला, की मूर्तीमागचे दिवे तांबड्याचे पिवळे होत, आणि इतका वेळ कापसात दडलेले रंगवलेले चेंडू आपापल्या जागी उघडे पडून फिरत राहत. मग पडदा ओढायचा, आणि आत बसून मी आणि काकू कापूस पुन्हा पसरायचो.

सोबत निवेदन हवं होतं. काकू म्हणाल्या, "ते तू बोलायचं." मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. आठवड्याने तारेचं रीळ माझ्या हातात दिलं आणि स्वतः तार ओढायला लागल्या. "आता सांग मला, पहिल्यापासून. ढगापासून." मी सांगत गेले. संपल्यावर त्यांनी मांडीवरचा फोन उचलून दाखवला. रेकॉर्डिंग चालू होतं. मी रागावले. "काढून टाक हवं तर," त्या म्हणाल्या. "पण आधी ऐक." मी ऐकलं. आवाज माझाच होता आणि तो कुठेही थांबत नव्हता. मी ते काढून टाकलं नाही.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी दुपारी पहिल्यांदा सगळं एकत्र चालवून पाहिलं. कापूस आत गेला, दिवे लागले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा चकतीच्या कडेला उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "काकू, हे उलटं फिरतंय."

"सुलटंच आहे. घड्याळाच्या काट्यांच्या उलट जातात ते."

"पण मध्ये बाप्पा बसणार ना?"

"बसणार."

"मग हे सगळे त्याला उलटी प्रदक्षिणा घालणार?"

"अण्णा, ते ग्रह आहेत. दर्शनाला नाही आलेत."

अण्णा हसले नाहीत. "तुम्हाला ग्रह दिसतात. लोकांना प्रदक्षिणा दिसणार. देव उजव्या हाताला ठेवून फिरतात, हे लहान पोराला ठाऊक आहे. मी कुणाकुणाला समजावू?"

"मानसी समजावतेय ना. निवेदनात आहे सगळं."

"काकू, आधीच लोक घाबरलेत," अण्णा आवाज खाली आणून म्हणाले. "बिल्डर बांधेल की खड्डा करून पळेल, रोज मला कुणी ना कुणी विचारतं. माझ्या सहीने करार झालाय. जाताना देवापुढे काही उलटं घडलं, तर पुढे काहीही बिनसलं की लोक यावरच बोट ठेवतील. एवढं माझ्यासाठी करा."

काकू चकतीकडे बघत राहिल्या. त्यांना काय गमवावं लागणार होतं, ते तिथे फक्त मला माहीत होतं, आणि कदाचित अण्णांनाही. दिशा हीच तर त्यांच्यासाठी सगळी गोष्ट होती. तिथूनच त्यांचा प्रश्न सुरू झाला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "दोन वायरी बदलल्या की झालं." खाली बसल्या, स्क्रूड्रायव्हर घेतला, आणि झालं. मला म्हणाल्या, "निवेदनातलं ते काट्यांचं वाक्य काढ." मी फोनवर ते वाक्य कापलं. स्क्रू आवळताना त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, "आता ही आपली सूर्यमाला नाही. दुसऱ्या कुठल्यातरी सूर्याची असेल."

तरी पहिले दोन दिवस त्यांचे चांगले गेले. मुलं पुन्हा पुन्हा यायची, काकू त्यांना चकतीजवळ घेऊन "हा बघ, आत बसतोय" असं सांगायच्या. टेंभी नाक्यापासून ओळखीची माणसं आली. मग देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक आले. त्यात एक वयस्कर प्राध्यापक बाई होत्या, सौम्य, नीटनेटक्या. मी पडद्याआड कापसात बसले होते. बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "कल्पना फार सुंदर आहे. ढग तर अप्रतिम. पण ग्रहांची दिशा चुकली आहे. एवढी मेहनत केलीत, तर हे पुस्तकात बघून घ्यायला हवं होतं. मुलं हेच खरं धरून चालतात."

मी फटीतून पाहिलं. काकूंच्या शेजारी अण्णा पेढ्यांचं ताट घेऊन उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अण्णांनी ताटाकडे पाहिलं.

"हो," काकू म्हणाल्या. "चुकलं माझं."

"पेढा घ्या ना, मॅडम," अण्णा म्हणाले.

त्यानंतर विसर्जनापर्यंत काकू रोज मांडवात आल्या, मोटर चालवली, कापूस पसरला. पण पुढे येऊन कुठल्या मुलाला काही सांगितलं नाही. मी एकदा म्हटलं, अण्णांनी सांगायला हवं होतं. काकू म्हणाल्या, "मांडव त्यांचा, मोटर माझी. मोटर उलटी लागली तर कुणाला विचारतात?" पुढच्या बैठकीत अण्णांनी हिशेब वाचून दाखवला, काकूंनी हो-नाही केलं. कुणी कुणाला चिडवलं नाही.

दिवाळीनंतर बिल्डिंग रिकामी झाली. काकूंचा टेम्पो अण्णांनीच ठरवून दिला; सामान चढवताना दोघं दोरी कुठे बांधावी यावर बोलत होते, दुसऱ्या कशावर नाही. आम्ही कल्याणला भाड्याच्या घरात गेलो, अण्णा माजिवड्याला मुलीकडे, काकू कोपरला मुलाकडे. चकती न्यायला कुणाकडेच जागा नव्हती. ती भंगारवाल्याने नेली.

कोपरच्या घरात सगळं व्यवस्थित होतं. सूनबाई प्रेमळ होती. पण नातवाला खोकला, म्हणून वार्निश नको. जागा लहान, म्हणून मोटरी नकोत. काकूंनी तक्रार केली नाही. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. त्या खिडकीशी बसलेल्या असत, हात मांडीवर, बोटं एकमेकांवर घासत. नौपाड्याची बातमी विचारत. मी सांगायचे, पत्रे लावलेत, आत खड्डा आहे, खड्ड्यात पाणी आहे. "बिल्डर पळाला नाही ना?" "नाही. पण कामही नाही." "अण्णांना त्रास देत असतील लोक," त्या म्हणायच्या. नव्या बिल्डिंगमध्ये पुन्हा देखावा करू, असं मी एकदा म्हणून बघितलं. काकूंनी फक्त विचारलं, "कुठली दिशा ठेवू?"

वर्ष उलटलं. मला नोकरी लागली, बरंचसं काम घरूनच. एका रविवारी आईने फरशी पुसली होती आणि वाळेपर्यंत पाय वर घेऊन मी सोफ्यावर बसले होते. ओल्या फरशीत पंख्याचं प्रतिबिंब पडलं होतं. त्यातला पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत होता. मी वर पाहिलं. वरचा पंखा काट्यांच्या उलट. पंखा एकच. मी कितीतरी वेळ खाली आणि वर बघत राहिले. आईने विचारलं, काय पडलंय वर. मी म्हटलं, काही नाही, कोपरला जाऊन येते.

काकूंची तब्येत तोवर उतरली होती. चार शब्द बोलल्या की धाप लागायची. मी चपला काढल्या आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. "काकू, आपण उत्तरेच्या बाजूने बघतो, म्हणून ग्रह काट्यांच्या उलट जातात. दक्षिणेच्या बाजूने बघितलं तर काट्यांप्रमाणेच जाणार. तिथे वर आणि खाली असं काही नसतंच. पृथ्वीचा चेंडू तेवढा पालथा लावायचा. आणि निवेदनात एक वाक्य घालायचं, आपण दक्षिणेकडून बघतोय म्हणून."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग छताच्या पंख्याकडे. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"कारखान्यात मोटर टेबलावर सुलटी ठेवून वरून तपासायचे," त्या हळूहळू म्हणाल्या. "तिथे एका बाजूने फिरायची. तीच छताला लावली की खालून दुसऱ्या बाजूने. नव्या पोरी गोंधळायच्या. मी त्यांना शिकवायची, आधी बघ तू कुठून बघतेयस." थोडा वेळ श्वास घेतला. "जन्मभर हेच केलं मी. आणि त्या दिवशी नुसत्या वायरी बदलल्या."

"म्हणजे चुकलं नव्हतं, काकू."

"नव्हतं. आणि मी त्या बाईंना चुकलं म्हणाले."

मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. तसा थोडा झालाही असेल. पण त्यांचा चेहरा एखादी हरवलेली वस्तू घर विकल्यावर सापडावी तसा झाला होता. सूनबाईने चहा आणून दिला. काकूंनी कप हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत.

"अण्णांना कळव," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच फोन करा ना. त्यांना बरं वाटेल."

"मी केला तर माफ केल्यासारखं होईल. तू कर. नुसती माहिती म्हणून."

मी फोन करणाऱ्यांतली नाही. मेसेज लिहून तो चार वेळा वाचणाऱ्यांतली आहे. पण त्या दिवशी कोपर स्टेशनच्या जिन्याशी उभी राहून मी अण्णांना फोन लावला आणि उत्तर, दक्षिण, पंखा, फरशी सगळं सांगितलं.

"म्हणजे दोन्ही बरोबर होतं," ते म्हणाले.

"हो."

"एक वाक्य हवं होतं फक्त."

"हो."

"तुझ्या निवेदनात नाही गं," अण्णा म्हणाले. "माझ्या तोंडून. दिशा मीच बदलायला लावली, एवढं. ते खरं होतं, त्याला काही विज्ञान लागत नव्हतं." मग म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जरा चालायला लागलो की कोपरला जाऊन येतो. फोनवर नाही बोलायचं मला."

मी ते काकूंना कळवलं. त्या म्हणाल्या, "येऊ देत." पुढे एकदा सूनबाईने मला सांगितलं, की आई बाहेरच्या खोलीतली हात असलेली उंच खुर्ची रिकामी ठेवायला सांगतात, नातवाला तिच्यावर दप्तर ठेवू देत नाहीत.

अण्णा आले, ते काकू गेल्या त्या दिवशी. काठी घेऊन, मुलीच्या आधाराने. घरात गर्दी होती, म्हणून लोक बिल्डिंगखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसले होते. नौपाड्याची बरीच माणसं होती. बिल्डिंग सुटल्यापासून एवढी एकत्र मी पाहिली नव्हती. अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. काठीच्या मुठीवर त्यांनी दोन्ही हात ठेवले.

"पुढच्या रविवारी येणार होतो," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"काही म्हणाल्या का माझ्याबद्दल? खरं सांग."

फोनबद्दल काकूंनी म्हटलेलं पहिलं वाक्य माझ्या ओठाशी आलं. माफ केल्यासारखं होईल, म्हणजे काय? त्यांना माफ करायचं नव्हतं, की माफ करण्यासारखं मुळात काही होतं, हेच अण्णांना जाणवू द्यायचं नव्हतं? तेव्हा विचारलं असतं, तर काकूंनी एका ओळीत सांगून टाकलं असतं. मी विचारलं नव्हतं. काकूंनीही मला कधी काही विचारलं नव्हतं, आणि आमचं त्यावरच जमलं होतं. ती सवय मला त्या दिवशी प्रथमच अपुरी वाटली.

"तुम्हाला कळवायला त्यांनीच सांगितलं होतं," मी म्हटलं.

"त्यांनी?" अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मला वाटलं, तू आपणहून केलास फोन. काय म्हणून कळव म्हणाल्या?"

"नुसती माहिती म्हणून."

अण्णांनी ते शब्द स्वतःशी एकदा म्हणून पाहिले. मग खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि तो न घालताच हातात धरून बसून राहिले.